आठ दिवसांचे अभय

'अभय' हा शब्द मराठी राज्यव्यवहाराला परका नाही. दुष्काळाने वा स्वारीने उजाड झालेले गाव पुन्हा वसावे म्हणून पूर्वी रयतेला कौल दिला जाई. इस्ताव्याच्या कौलात पहिल्या वर्षी सारा हलका असे आणि जमीन सावरेल तसा तो वर्षागणिक वाढत पूर्ण आकाराला येई. वसुली माफ होत नसे. ती आपत्तीच्या कलाने चाले आणि तिची मुदत कागदावर लिहिलेली असे. करोनाकाळातील वीजबिलांचा इतिहास या कौलाशेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत महावितरणने मीटरचे रीडिंग थांबवून सरासरी बिले दिली. ही सरासरी हिवाळ्यातील वापराची होती. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंश ओलांडतो. घरात कोंडलेले कुटुंब कूलरवाचून राहणार कसे? जूनमध्ये रीडिंग झाले आणि साचलेला फरक एकदम बिलात उतरला. सरकारने तीन हप्ते देऊ केले, एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट दिली. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी आशा दाखवलेली मोठी सवलत मात्र नोव्हेंबर २०२०मध्ये बारगळली.

२०२१च्या आरंभी थकबाकीदारांची वीज तोडणे सुरू झाले. २ मार्चला विधानसभेत उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, सभागृहात चर्चा होईपर्यंत तोडणी स्थगित राहील, असे जाहीर केले. १० मार्चला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, ही स्थगिती उठली. १४ एप्रिलपासून दुसऱ्या लाटेमुळे राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. अभयाची मुदत रोगाशी नव्हे, तर अधिवेशनाशी बांधलेली होती. स्पेनने ३१ मार्च २०२०च्या हुकुमान्वये राहत्या घराचे वीज-पाणी तोडण्यास मनाई केली, ती आणीबाणीच्या काळाला जोडून. फरक औदार्यापेक्षा मुदतीच्या शब्दांत अधिक आहे.

महावितरणलाही वीज विकत घ्यावी लागते, हे खरे. पण चंद्रपुरात हा युक्तिवाद वेगळा ऐकू येतो. २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, त्याची राख आणि त्याचा धूर या शहराच्या वाट्याला आहे. स्थानिकांना दोनशे युनिट मोफत द्यावेत, ही आमदार किशोर जोरगेवार यांची मागणी त्यातूनच आली. १९८२मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत प्रश्न आणखी निराळा. जंगलालगतच्या अनेक घरांची रोख मिळकत उन्हाळ्यातील तेंदूपत्त्याच्या हंगामावर अवलंबून. बिल मात्र येते आपल्या ठरल्या वेळी. हंगाम ओळखून हप्ते बांधणारा कौल तेथे माफीहून अधिक उपयोगी पडला असता.

वीज कायदा, २००३च्या कलम ५६नुसार तोडणीपूर्वी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. थकबाकी आहे की नाही, एवढेच ते कलम विचारते. घरात आजारी कोण आहे, गावात साथ आहे का, हे विचारण्यास त्यात जागा नाही. पुढच्या साथीपूर्वी लिहून ठेवायचे आहे ते एवढेच.