ओळख आणि वशिला



मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव या स्टेशनांवरून मावळातली कितीतरी मुले-मुली सकाळच्या लोकलने कॉलेजला जातात. कोणी पुण्याच्या, कोणी लोणावळ्याच्या. यांतल्या पुष्कळांच्या तोंडी एक वाक्य असते, "आमचं तिथं कोणी नाही हो!" अभ्यास करून पदवी मिळेल, पण पुढे नोकरीधंद्याच्या दाराशी शहरातल्या मुलाला काका आठवतो, मामा आठवतो. आपल्याला कोण आठवायचा? ही चिंता खोटी नाही. परंतु तिच्यापोटी दोन चुकीचे विचार जन्माला येतात. एक, वशिल्यावाचून काही होत नाही. दुसरा, ओळखी वाढवणे हे प्रामाणिक विद्यार्थ्याला शोभत नाही. हे दोन्ही विचार आपल्याच इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

धोंडो केशव कर्वे हे कोकणातल्या मुरूडचे. घरची गरिबी. सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे उशिरा का होईना, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पोहोचले. गोपाळ कृष्ण गोखले त्याच कॉलेजात होते. वयाने आठ वर्षांनी लहान. दोघेही १८८४ साली बी. ए. झाले. एकाला दुसऱ्यापासून तेव्हा काय मिळण्यासारखे होते? काही नाही. दोघेही साध्या घरचे विद्यार्थी.

पण १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन कॉलेजला गणित शिकवणारा माणूस हवा झाला. तेव्हा गोखल्यांना आपल्या कॉलेजातले कर्वे आठवले. कर्वे मुंबईत शाळांतून आणि शिकवण्यांवर गणितच शिकवत होते. १८९१ साली गोखल्यांनी बोलावले आणि कर्वे पुण्याला आले. पुण्यात आले म्हणूनच पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम निघाला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. कॉलेजातली एक साधी ओळख किती दूरवर पोहोचली पाहा!

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोखल्यांनी कर्व्यांची निवड केली ती दोस्तीखातर नव्हे. हा माणूस गणित जाणतो आणि नेमाने काम करतो, हे ठाऊक होते म्हणून. ओळखीने कर्व्यांचे नाव सुचवले. पुढे त्यांना टिकवले ते त्यांच्या कामाने.

दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजचे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर आणि रत्नागिरीचे टिळक हे दोघे या कॉलेजात एकमेकांना भेटले, तासन् तास वाद घातले. सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ते जाऊन मिळाले. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये 'केसरी', १८८४ मध्ये सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पुढे टिळक-आगरकरांचे पटले नाही. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला. तरी एकत्र उभारलेल्या संस्था राहिल्या. स्नेही म्हणजे सदैव 'हो' म्हणणारा माणूस नव्हे, एवढे तरी यातून शिकावे.

आता आपल्या मावळात येऊ. पुणे-खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाट ओलांडून गाडी थेट धावू लागली. याच रेल्वेवरच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काचेचा कारखाना निघाला. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करावा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे चौसष्ट माणसे गाठावी, त्यांना समजावून सांगावे, तेव्हा कुठे एक रुपया जमणार! पैशाइतकीच ती माणसांची जुळणी होती.

काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे मूळचे अलीगडकडचे. आधी जपान, मग अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट असे शिक्षण घेऊन हा माणूस मावळात आला. तळेगावचा कारखाना नुसता माल काढत नव्हता, तो विद्यार्थीही तयार करत होता. इथे भट्टीपाशी शिकलेले तरुण पुढे इतर प्रांतांतल्या काचकारखान्यांत कामाला लागले. भट्टीशेजारी बसून शिकलेल्या माणसाबद्दल शिकवणारा खात्रीने सांगू शकतो. ही खात्री म्हणजेच खरी ओळख.

तर मग वशिला आणि ओळख यांत फरक काय? वशिला माणसाच्या अंगचे उणे झाकतो. ओळख त्याचे अंगचे काम चारचौघांत दाखवते. वशिल्याने दुसऱ्याची जागा हिरावली जाते. ओळखीने रिकाम्या जागेला योग्य माणूस सापडतो. तरीही एक धोका उरतोच. ओळखीच्या वर्तुळाबाहेर राहिलेला गुणी मुलगा कोणालाच दिसत नाही. टिळक-गोखल्यांच्या काळी शेतकऱ्याच्या, दलिताच्या घरातली मुले कॉलेजच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचत होती आणि मुलीही जवळजवळ नव्हत्या. मग त्यांची ओळख व्हायची कुठे? म्हणून हे वर्तुळ रुंद करणे हे आपले काम आहे.

विद्यार्थ्यांनी काय करावे? शेजारच्या बाकावरच्याला परीक्षेपूर्वी गणित समजावून द्यावे. वादविवाद मंडळात, ग्रंथालयात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अंग मोडून काम करावे. प्राध्यापकांना शंका विचारावी. नुसता नमस्कार करून परतू नये. गावचा कोणी मोठ्या हुद्द्यावर असेल तर "नोकरी द्या" म्हणण्याऐवजी "तुमचं काम कसं चालतं, ते सांगाल का?" असे विचारावे. माणूस आनंदाने सांगतो. आणि मदत झाली की चार ओळींचे पत्र जरूर लिहावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ तर मोठे भांडार आहे. तुमच्या हाताखालून गेलेला एक जण आज वर्कशॉपमध्ये असेल, एक जण दवाखान्यात, एक जण बँकेत. शाळेत एक वही ठेवा. कोण कुठे आहे, काय करतो, ते लिहा आणि वर्षातून एकदा त्यांना मुलांसमोर उभे करा. "आमचं तिथं कोणी नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला त्या वहीतले एक नाव देता आले, तर त्याचा पहिला पूल बांधला गेला. पुढे चालायचे ते त्याने आपल्या पायांनी.