बुलडॉगचे नाक

गेल्या वैशाखात नातवाने हट्ट धरला, 'आजोबा, बुलडॉगच आणायचा!' रत्नागिरीच्या आमच्या ओसरीवर तो कसा राहील, म्हणून मी त्याचा इतिहास चाळला. इंग्लंडात हा कुत्रा बैलावर सोडीत. १८३५ साली कायद्याने तो क्रूर खेळ बंद झाला. १८७५ मध्ये त्याच्या शौकिनांचा क्लब निघाला. गडी निवळला, मुलांत रमला. पण रूपाच्या हौसेपायी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्याचे नाक चपटे केले नि श्वास कोंडला. कुत्रा अंग निववतो ते धापा टाकून. आमच्या दमट उकाड्यात त्या बिचाऱ्याने धापा तरी कशा टाकाव्यात?

नातू गप्प झाला. मग म्हणाला, 'आपल्या आळीतल्या पिल्लाचे नाक लांब आहे!'

आता फटाका वाजला की ते पिल्लू माझ्या खुर्चीखाली दडते.