नाममुद्रा नसलेले कोडे : सुडोकूच्या कर्त्यांचा इतिहास

अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते; त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. एखादी रचना कोणाची, असा वाद उपस्थित झाला की अभ्यासक प्रथम त्या मुद्रेकडे पाहतात, आणि मुद्रेवर विश्वास ठेवता येत नसेल तर भाषेकडे, हस्तलिखितांकडे व पाठभेदांकडे वळतात. कर्तृत्वनिश्चितीचा हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला चांगलाच परिचयाचा आहे. मात्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शब्दकोड्याशेजारी छापलेल्या सुडोकूकडे पाहताना 'हे कोणी रचले?' असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. विचारलाच, तर 'जपान्यांनी' किंवा 'संगणकाने' अशी दोन उत्तरे मिळतात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. सुडोकूचा इतिहास हा कर्ता हरवण्याचा आणि पुन्हा सापडण्याचा इतिहास आहे, आणि तो एकदाच नव्हे तर दोनदा घडला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

सुडोकूचे जनकत्व पुष्कळदा अठराव्या शतकातील स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर याला दिले जाते. त्यात तथ्यांश एवढाच, की ऑयलरने ज्या 'लॅटिन चौरसां'चा अभ्यास केला, त्यांत प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात एकदाच येते. या चौरसांविषयी ऑयलरने बांधलेले एक अनुमान १९५९ साली राज चंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर यांनी चुकीचे ठरविले. त्यांपैकी श्रीखंडे यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिली. परंतु ऑयलरने कोडे रचले नाही. चौरस ही गणितातील वस्तू आहे. कोडे ही कोणी तरी कोणासाठी तरी केलेली रचना असते. पूर्ण भरलेल्या चौरसातील कोणते अंक पुसायचे आणि कोणते ठेवायचे, हे ठरविणारा माणूस आल्याशिवाय चौरसाचे कोडे होत नाही.

असा माणूस प्रथम भेटतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पॅरिसमध्ये. 'ल सिएक्ल' या दैनिकाने १९ नोव्हेंबर १८९२ रोजी नऊ ओळी व नऊ रकाने असलेला, काही अंक गाळलेला एक जादूचा चौरस छापला. तो सोडविण्यासाठी बेरजा कराव्या लागत. 'ला फ्रान्स' या प्रतिस्पर्धी पत्राने ६ जुलै १८९५ रोजी १ ते ९ एवढेच अंक वापरणारे कोडे दिले. त्यात तीन बाय तीनच्या पेट्या आखलेल्या नव्हत्या, तरी उत्तरात प्रत्येक पेटीत नऊही अंक येत होते. म्हणजे आजच्या सुडोकूपासून ते एका रेघेच्या अंतरावर होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कोडी दिसेनाशी झाली आणि ती परंपरा तेथेच थांबली.

पुढचा टप्पा अमेरिकेत आहे. 'डेल' प्रकाशनाच्या एका कोड्यांच्या मासिकात मे १९७९ च्या अंकात 'नंबर प्लेस' नावाचे एक नवे कोडे आले. आज आपण ज्याला सुडोकू म्हणतो ते हेच. कोड्याखाली कर्त्याचे नाव नव्हते. कित्येक वर्षांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शब्दकोड्यांचे संपादक विल शॉर्ट्झ यांनी त्या मासिकाचे जुने अंक चाळले. अंकाच्या सुरुवातीला त्या-त्या अंकातील कोडेकारांची एकत्रित यादी दिलेली असे. ज्या अंकांत 'नंबर प्लेस' होते, त्यांच्या यादीत हॉवर्ड गार्न्स हे नाव होते. ज्यांत ते नव्हते, त्यांत हे नावही नव्हते. इंडियाना राज्यातील हा निवृत्त वास्तुविशारद कोडे प्रसिद्ध झाले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. १९८९ साली तो वारला. आपल्या कोड्याने जग व्यापलेले त्याने पाहिले नाही, आणि जगानेही त्याला ओळखले नाही. शॉर्ट्झ यांनी वापरलेली पद्धत पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अनोळखी वाटणार नाही: मुद्रा नसलेल्या रचनेचा कर्ता त्यांनी बाह्य पुराव्यावरून निश्चित केला.

हे कोडे जपानमध्ये नेण्याचे काम 'निकोली'ने केले. माकी काजी यांनी १९८० साली मित्रांसमवेत सुरू केलेल्या या नियतकालिकाचे नाव एका शर्यतीच्या घोड्यावरून घेतले होते. १९८४ साली निकोलीने हे कोडे छापताना त्याला 'अंक एकटेच असावेत' अशा अर्थाचे लांबलचक जपानी नाव दिले. त्याचेच संक्षिप्त रूप 'सुडोकू'. 'सु' म्हणजे अंक आणि 'डोकु' म्हणजे एकटा, अविवाहित. मराठी कानाला त्यात 'डोके' ऐकू येते, हा निव्वळ योगायोग!

निकोलीचे खरे योगदान नावापेक्षा मोठे आहे. १९८६ साली तिने दोन बंधने घातली: दिलेले अंक ३२ पेक्षा अधिक नसावेत, आणि त्यांच्या जागांची नक्षी चौकट अर्धवर्तुळात फिरविली तरी तीच राहावी. तर्काच्या दृष्टीने या दोन्ही बंधनांची गरज नाही. त्यांच्याविना कोडे तितकेच अचूक सुटते. ही बंधने वृत्तासारखी आहेत. अर्थ सांगण्यासाठी शार्दूलविक्रीडिताची आवश्यकता नसते, पण ते स्वीकारले की कवीला प्रत्येक शब्दाचा निराळा विचार करावा लागतो. शिवाय निकोलीची कोडी हाताने रचलेली असत, पुष्कळदा वाचकांनीच रचून पाठविलेली असत, आणि ती कर्त्याच्या नावाने वा टोपणनावाने छापली जात. गार्न्सला न मिळालेली नाममुद्रा अशा रीतीने जपानमध्ये कोड्याला लाभली.

ती पुन्हा पुसली गेली ती संगणकामुळे. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश असलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड यांना १९९७ साली टोकियोतील एका पुस्तकाच्या दुकानात हे कोडे दिसले. पुढील सहा वर्षे खपून त्यांनी ते तयार करणारा संगणकीय प्रोग्राम लिहिला, आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचे पहिले सुडोकू आले. गूल्ड वृत्तपत्रांकडून पैसे घेत नसत. मोबदल्यात त्यांच्या प्रोग्रामची जाहिरात होई. काही महिन्यांत इतर ब्रिटिश दैनिकांनी आणि पाठोपाठ जगभरच्या पत्रांनी हे अनुकरण केले. पुरवठा अमर्याद होता. पूर्ण भरलेल्या सुडोकू चौकटी सुमारे ६.६७ गुणिले १० चा २१ वा घात इतक्या संभवतात, असे फेल्गेनहाउअर आणि जार्व्हिस यांनी २००५ साली मोजून दाखविले. इतक्या मोठ्या कोठारातून रोज एक कोडे काढायला माणूस कशाला हवा?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मजकूर हवा तितका निर्माण करणारी यंत्रे आज आपल्यासमोर आहेत, आणि साहित्याचे अध्यापक या प्रश्नाने अस्वस्थ आहेत. सुडोकूच्या जगात तो वीस वर्षांपूर्वीच उभा राहिला. तेथे त्याचे जे उत्तर निघाले ते अनपेक्षित ठिकाणाहून, म्हणजे स्पर्धांमधून निघाले.

जागतिक सुडोकू अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा मार्च २००६ मध्ये इटलीतील लुका येथे झाली. चेक प्रजासत्ताकाच्या याना टिलोवा तेथे विजयी झाल्या. २००८ साली तिसरी स्पर्धा गोव्यात झाली. आदल्या वर्षी प्रागला जिंकलेले अमेरिकन संशोधक थॉमस स्नायडर यांनी तेथे पुन्हा विजेतेपद मिळविले. २०१७ साली ही स्पर्धा बेंगळुरूमध्ये भरली. वेळ मोजणाऱ्या अशा स्पर्धेत कर्त्याला काय स्थान, असे कोणालाही वाटेल. कागद, पेन्सिल आणि घड्याळ एवढाच तो मामला. पण नेहमीचे सुडोकू रोज सोडविणाऱ्याला त्यातील आकृतिबंध पाठ होतात. मग त्याची नजर विचार न करता अंक टिपते. बुद्धीची कसोटी घ्यायची तर अनोळखी नियम हवा. म्हणून पहिल्या वर्षांपासूनच या स्पर्धांत मूळ कोड्याबरोबर त्याचे उपप्रकार येत गेले. त्यांचे नियम उदाहरणांसह आधी जाहीर होतात. प्रत्यक्ष कोडी मात्र स्पर्धेच्या वेळीच समोर येतात.

हे उपप्रकार रचणे हा अनेकांचा छंद झाला. दोन्ही कर्णांतही नऊ अंक एकेकदाच यावेत, असा एक नियम. पेट्या चौकोनी न ठेवता वाकड्यातिकड्या आखाव्यात, हा दुसरा. 'किलर' प्रकारात काही घरांना तुटक रेषेने कुंपण घालून त्यांची फक्त बेरीज दिलेली असते: दोन घरांची बेरीज १७ असेल तर तेथे ८ आणि ९ च असणार, तीन घरांची ६ असेल तर १, २ आणि ३. संपूर्ण ओळीची बेरीज ४५ असते, एवढे ध्यानात ठेवले की कुंपणाबाहेर उरलेल्या एका घराचा अंक वजाबाकीने मिळतो. 'थर्मामीटर' प्रकारात तळाच्या फुग्यापासून वर जाताना अंक वाढत गेले पाहिजेत. बुद्धिबळातील घोड्याच्या चालीवरील दोन घरांत समान अंक नसावेत, असाही एक नियम आहे.

नियम सुचणे सोपे. कोडे रचणे कठीण. एकच उत्तर निघाले पाहिजे, ही पहिली अट. ती पूर्ण झाली की नाही हे आज संगणक क्षणात सांगतो, आणि हाताने रचणारेही त्याचा आधार घेतात. परंतु सोडविणारा कोठे अडेल, कोणत्या घरापाशी त्याला नवा विचार करावा लागेल, त्या विचाराने पुढचे दार उघडेल की नुसती खिडकी, हे कोडेकार ठरवितो. महाभारताच्या लेखनाची कथा येथे आठवते. अर्थ समजल्याशिवाय लिहू नये अशी अट व्यासांनी गणपतीला घातली, आणि मधूनमधून कूटश्लोक घातले. (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेबाहेर ठेवली आहे, हे वाचकांना ठाऊक असेलच.) कूटाचा हेतू वाट अडविण्याचा नव्हता, लिहिणाऱ्याने नेमक्या जागी थांबावे, हा होता. चांगल्या कोडेकाराचे कामही असेच थांबे नेमण्याचे असते. यंत्राने काढलेल्या सामान्य कोड्यात थांबे असतात, पण ते कोणी नेमलेले नसतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मे २०२० मधले आहे. मिचेल ली यांनी रचलेल्या एका सुडोकूत ८१ घरांपैकी फक्त दोन घरांत अंक होते: एक १ आणि एक २. साध्या सुडोकूला किमान १७ अंक द्यावे लागतात, सोळांत भागत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ साली सिद्ध केले होते. येथे मात्र तीन जादा नियम होते: बुद्धिबळातील राजाच्या किंवा घोड्याच्या एका चालीवर तोच अंक नसावा, आणि शेजारशेजारच्या घरांत लागोपाठचे अंक नसावेत. ब्रिटनमधील सायमन अँथनी यांनी ते कॅमेऱ्यासमोर सोडविले. सुरुवातीला त्यांना ही थट्टा वाटली. सुमारे पंचवीस मिनिटांत त्यांनी चौकट पूर्ण केली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत लाखो लोकांनी ते पाहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अँथनी कोडे सोडविताना ज्याचे कौतुक करीत होते तो अंकांचा क्रम नव्हता, तर ते रचणारा माणूस होता.

अर्थात साम्य फार ताणू नये. कवितेला अनेक अर्थ असू शकतात. सुडोकूला एकच उत्तर असते, आणि ते मिळाल्यावर चौकट टाकाऊ होते. त्यात सुख नाही, दुःख नाही, जगाविषयी विधान नाही. तरीही एका मनाने दुसऱ्या मनासाठी आखलेली वाट त्यात असते, आणि वाचन म्हणजे काय याविषयी बोलताना एवढी गोष्ट पुरेशी आहे. स्पर्धांनी मोजला तो सोडविणाऱ्याचा वेग. पण तो मोजता यावा म्हणून त्यांना रचणारा जपावा लागला. स्पर्धांच्या नियमपुस्तिकांत आज कोडेकारांची नावे येतात, आणि रसिक ती आवर्जून पाहतात.

हॉवर्ड गार्न्सचे नाव मासिकाच्या यादीत इतर नावांमध्ये मिसळून पडून होते. ते तेथे होते, म्हणून निदान शोधता तरी आले. वर्तमानपत्रातील रोजच्या सुडोकूखाली नाव नसेल, तर पन्नास वर्षांनी ते शोधू पाहणाऱ्याच्या हाती तेवढीही यादी नसेल.