साधनामार्गांची अनेकता : मुंबई उपनगरांतील परंपरा

वेगवेगळ्या उपासना, दर्शने आणि साधनापद्धती माणसाला एकाच मुक्तीपर्यंत नेतात का, हा भारतीय धर्मविचारातला जुना वाद आहे. सगळे मार्ग शेवटी एकच, असे आपण सहज म्हणून जातो. मात्र प्रत्यक्ष साधना सांगणाऱ्या पंथांनी हे इतक्या सहजासहजी कधी मान्य केलेले नाही. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या पट्ट्यात या वादातले बरेच पक्ष जवळजवळ नांदतात, म्हणून तो इथे स्थळांच्या आधारे पाहता येतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी (कृष्णगिरी) आणि अंधेरी पूर्वेची कोंडिविटे ऊर्फ महाकाली लेणी बौद्धांची आहेत. कान्हेरीत इ. स. पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे भिक्षूंची वस्ती होती. महाकालीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर असलेले जोगेश्वरीचे लेणे सहाव्या शतकातले मानतात आणि ते शैव आहे; त्याचा संबंध पाशुपत पंथाशी जोडला जातो. त्या काळात एकाच डोंगररांगेच्या पायथ्याला दुःख संपवण्याचे दोन उपाय चालू होते, आणि ते एकमेकांच्या जवळजवळ उलट होते.

पाशुपतसूत्र आणि त्यावरचे कौण्डिन्याचे भाष्य यांत पाशुपत साधना तपशिलाने येते. साधक राखेने स्नान करी, देवळात राहून हसणे, गाणे, नाचणे हीच शिवाला अर्पण करी. पुढच्या टप्प्यात तो पंथाच्या खुणा लपवून लोकांत मिसळे, जागा असून घोरे, लंगडत चाले, वेड्यासारखा वागे. लोकांनी त्याचा अपमान करावा हाच हेतू असे, कारण विनाकारण अपमान करणाऱ्याचे पुण्य साधकाला मिळते आणि साधकाचे पाप त्याच्याकडे जाते, अशी धारणा होती. (शिव्या खाऊन श्रीमंत होण्याचा हा हिशोब जगाच्या धर्मेतिहासात दुर्मीळच.) बौद्ध विनयातले कित्येक नियम मात्र लोक भिक्षूंना नावे ठेवू लागले म्हणूनच घालून दिल्याचे सांगितले आहे. कान्हेरीचा भिक्षू लोकनिंदा टाळी, जोगेश्वरीच्या पंथातला साधक ती ओढवून घेई.

पाशुपतांच्या पाच तत्त्वांतले शेवटचे तत्त्व दुःखान्त. बौद्धांच्या चार आर्यसत्यांतही दुःखनिरोध आहे. इथवर साम्य दिसते. पण पाशुपतांच्या श्रेष्ठ दुःखान्तात साधकाला शिवासारखी ज्ञानशक्ती आणि क्रियाशक्ती लाभते, तीही ईश्वराच्या प्रसादाने. बौद्ध मतात असा ईश्वर नाही आणि ते ऐश्वर्य भोगणारा आत्माही नाही. दुःख संपते एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. संपल्यावर काय उरते यावर नाही. महापरिनिर्वाणसूत्रात तर बुद्ध सुभद्र नावाच्या परिव्राजकाला सांगतो, की जिथे अष्टांगिक मार्ग नाही तिथे खरा श्रमणही नाही.

दात्यांची आणि राजांची गोष्ट वेगळी. कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या शिलालेखांत राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक शिलाहार पुल्लशक्ती व कपर्दी यांचा उल्लेख आहे. अमोघवर्षाचा ओढा जैन मताकडे होता, शिलाहार शिवभक्त होते, आणि त्यांच्या राज्यात गौड देशाहून आलेला एक उपासक बौद्ध विहाराला शंभर द्रम्म देत होता. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या जरथुश्त्री प्रवाशांनी कान्हेरीतच पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. सर्वमार्गसमभावाचा स्थानिक पुरावा सिद्धान्तग्रंथांपेक्षा या व्यवहारात अधिक सापडतो. त्याला उलटा दाखलाही आहे : बोरिवलीच्या मंडपेश्वर या शैव लेण्याचे सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केले. भिंतीवर कोरलेला क्रूस अजून तिथे आहे.

घाटकोपर आणि मुलुंड इथे श्वेतांबर जैनांची मोठी वस्ती आहे. अनेकान्तवादामुळे, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात या सिद्धान्तामुळे, जैन मत सर्व मार्ग सारखे मानते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य या त्रिरत्नांचा मिळून होणारा मोक्षमार्ग जैनांच्या दृष्टीने एकच. तरीही श्वेतांबर आगमांनी मुक्त जीवांचे जे पंधरा प्रकार सांगितले, त्यांत 'अन्यलिंगसिद्ध', म्हणजे दुसऱ्या पंथाच्या वेषात असताना मुक्त झालेला, हाही आहे. गृहस्थवेषातला आणि स्त्रीदेहातलाही आहे. दिगंबरांना हे मान्य नाही. श्वेतांबरांच्या या तरतुदीत वेष परका चालतो. आतली त्रिरत्ने मात्र तीच लागतात. या नोंदीतल्या सर्व भूमिकांत ही सर्वांत काटेकोर आणि तरीही उदार वाटते.

वेदान्त्यांतही एकवाक्यता नाही. शंकराचार्यांच्या मते कर्म आणि उपासना चित्त शुद्ध करतात, मुक्ती ज्ञानानेच मिळते. खारच्या मठाची परंपरा ज्यांच्यापासून सुरू होते त्या रामकृष्णांनी इस्लामी आणि ख्रिस्ती साधना करून पाहिल्या व सर्वांचे गंतव्य एकच असल्याचे सांगितले. विवेकानंदांनी कर्म, भक्ती, राज आणि ज्ञान या चारही योगांना स्वतंत्र मार्गाचा दर्जा दिला. पवईचे चिन्मय मिशनचे सांदीपनी साधनालय (१९६३) शांकर परंपरेला धरून शिकवते.

गोराईचा विपश्यना पगोडा २००९ साली खुला झाला. त्याच्या घुमटाखाली सुमारे आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. ब्रह्मदेशातल्या मारवाडी कुटुंबात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये विपश्यनेची ध्यानपद्धत भारतात घेऊन आले. तिच्या दहा दिवसांच्या शिबिराला कोणत्याही धर्माचा माणूस येऊ शकतो, धर्म बदलावा लागत नाही. मात्र ते दहा दिवस जपमाळ, मंत्र, पूजा, उपवास आणि इतर ध्यानपद्धती बाजूला ठेवाव्या लागतात. कारण असे देतात की सरमिसळ केली तर पद्धतीची पारख होत नाही. प्रवेश सर्वांना आणि पद्धत एकच, ही मांडणी आधुनिक दिसली तरी जुन्या गुरुकुलांचा शिरस्ता याहून फारसा वेगळा नसावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांना 'सगळे एकच' ही भाषा संशयास्पद वाटते, आणि त्याला कारण आहे. १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेत आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले आहे, कारण अशा समन्वयात बलवान परंपरा दुबळीला गिळते. त्यांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्त्यांतून कान्हेरीला जाणारे बौद्ध ते स्थळ आपल्या धम्माचा वारसा म्हणून पाहतात. त्याच कान्हेरीत महाशिवरात्रीला शिवभक्तांची गर्दी होते.