मांडीवरील श्रोता : महाराष्ट्रात तान्ह्या मुलांपुढे वाचण्याच्या प्रघाताचा विचार

मूल बोलू लागण्यापूर्वीच त्यास पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे, असा उपदेश हल्ली बालरोगचिकित्सक व शिक्षणशास्त्रज्ञ आग्रहाने करीत असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सन २०१४ मध्ये अगदी तान्हेपणापासून असे वाचन करण्याची शिफारस केली. या उपदेशासंबंधी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, ही परदेशी टूम होय. ज्यास अक्षर कळत नाही त्यापुढे पुस्तक उघडणे व्यर्थ. दुसरा पक्ष अभिमन्यूचा दाखला देऊन, हे सर्व आपल्याकडे पुरातन काळापासून आहेच, असे म्हणून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही पक्ष पुराव्याच्या कसोटीस उतरत नाहीत. ते कसे, हे दाखविण्याचा या टिपणाचा हेतू आहे.

(१) प्रथम शब्दांचा विचार करू. 'वाचणे' हे क्रियापद संस्कृत 'वच्' म्हणजे बोलणे या धातूकडे जाते. त्याचे प्रयोजक रूप 'वाचयति', म्हणजे बोलावयास लावतो. लेखातील मुक्या अक्षरांस बोलावयास लावणे, हा वाचनाचा मूळ अर्थ होय. 'पाठ' व 'पठन' हे शब्दही उच्चाराचेच निदर्शक आहेत. अर्थात मोठ्याने वाचणे हा वाचनाचा एक प्रकार नसून, जुन्या काळी वाचन म्हणजेच मोठ्याने वाचन असे. मनातल्या मनात वाचणे यासच वेगळे विशेषण जोडावे लागे. तथापि मुलाच्या कानी पडणाऱ्या वाणीचे तीन भेद करणे अवश्य आहे : मुखोद्गत असलेले म्हणणे, मनात असलेले आपल्या शब्दांत सांगणे, आणि लिहिलेले पाहून वाचणे. यांपैकी तान्ह्या मुलाच्या वाट्यास कोणते आले, हाच खरा प्रश्न आहे.

(२) संस्कृत ग्रंथांची साक्ष या बाबतीत अधिक काळजीने तपासली पाहिजे. जातकर्म संस्कारात पित्याने नवजात अर्भकाच्या कानाशी मेधाजननाचा मंत्र जपावा, असे आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितले आहे. ही नुकत्याच जन्मलेल्या जीवास उद्देशून उच्चारलेली वाणी होय. वनपर्वातील अष्टावक्राच्या आख्यानात तर गर्भस्थ बालक पिता कहोड याच्या रात्रभर चालणाऱ्या अध्ययनातील दोष काढतो आणि शाप ओढवून घेतो. अभिमन्यूविषयी मात्र सावधगिरी बाळगावी. द्रोणपर्वात तो स्वतः, सैन्याचा व्यूह भेदण्याची युक्ती पित्याने शिकविली, एवढेच सांगतो. गर्भात असता ऐकल्याची कथा लोकांच्या तोंडी प्रसिद्ध असली, तरी अभिमन्यूच्या या बोलण्यास तिचा आधार नाही. मार्कंडेय पुराणातील मदालसा पाळण्यात रडणाऱ्या पुत्रास आत्मज्ञान सांगते. विक्रांत, सुबाहू व शत्रुमर्दन हे तिघे या उपदेशाने विरक्त झाले. तेव्हा राजाने चौथा पुत्र अलर्क यास तरी राजधर्म शिकवावा, अशी विनंती केली. शब्द कळत नसतानाही कानी पडलेला उपदेश फळतो, ही श्रद्धा या कथेच्या मुळाशी आहे.

परंतु या सर्व स्थळी म्हणणे आहे, वाचणे नाही. ज्या ग्रंथांत बालांसाठी रचना केल्याचे स्पष्ट म्हटले आहे, तेथेही 'बाल' शब्दाने फसू नये. हितोपदेशकार कथेच्या मिषाने बालांस नीती सांगण्याची प्रतिज्ञा करतो आणि नव्या भांड्यावर उमटलेला संस्कार पुढे पालटत नाही, असा दृष्टांत देतो. पण त्याचे श्रोते अध्ययनाच्या वयाचे राजपुत्र होते. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह बालांच्या सुखबोधार्थ लिहिला. तेथे टीकाकारांस खुलासा करावा लागला की, व्याकरण, काव्य व कोश शिकलेला पण न्याय न शिकलेला तो बाल; स्तनपान करणारे मूल येथे अभिप्रेत नाही. हा खुलासा वाचून विद्यार्थिदशेत आम्ही हसत असू. आज त्यातील ऐतिहासिक अर्थ ध्यानी येतो. स्तनंधय हा ग्रंथाचा अधिकारी आहे, असे शास्त्रकारांच्या कधी मनातच आले नव्हते.

(३) मग महाराष्ट्रातील तान्ह्या मुलाने काय ऐकले? बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नाव व बायकांनी म्हटलेले पाळणे हा आरंभ. त्यानंतर जात्यावरील ओवी. चालुक्य नृपती सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (शके १०५१, इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ही परंपरा निदान नऊ शतकांची ठरते. दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून मूल निजे. जात्याची घरघर, अंगाचा झोका व ओवीचा सूर त्यास एकत्रच मिळत.

दुसरा ओघ पोथीचा. श्रीधरस्वामींचा हरिविजय (१७०२), पांडवप्रताप (१७१२) व शिवलीलामृत (१७१८) हे ग्रंथ घरोघरी वाचले गेले ते एकांतात नव्हे. चातुर्मासात पोथी लावली म्हणजे समईच्या उजेडात एकजण वाची आणि सारे घर, शेजारपाजारासह, ऐके. ऐकणाऱ्या बायकांच्या मांडीवर तान्ही मुले असत. ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. पण कान त्यांसही होते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पोथीची रचना ओवीतच आहे. ग्रंथातील ओवी व जात्यावरील ओवी यांची घडण तंतोतंत एक नसली, तरी नाव एक, गोत्र एक. पहाटे निरक्षर आईच्या मुखातून व रात्री साक्षर पुराणिकाच्या मुखातून मुलास एकाच कुळातील छंद ऐकू येई. म्हणून आपल्याकडे म्हणणे व वाचणे यांत दरी नव्हती. मात्र पोथी मुलासाठी वाचली जात नव्हती. तिचे श्रवण मुलास अनायासे घडे.

(४) मुलांसाठी म्हणून छापलेले पुस्तक एकोणिसाव्या शतकात आले. तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यातून त्या शतकाच्या पहिल्या दशकात 'बालबोधमुक्तावली' या नावाने इसापच्या कथा मराठीत निघाल्या. मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' व 'बाळमित्र' ही पुस्तके प्रसिद्ध झाली. 'बाळमित्रा'चे मूळ फ्रेंच ग्रंथकार बर्केन याचे. ते इंग्रजीच्या द्वारे मराठीत आले. पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले व वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद'. यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ही सर्व साधने ज्यास अक्षर येते, किंवा येऊ घातले आहे, अशा मुलाच्या हाती पडली. पुस्तक शाळेत गेले. मांडीवर आले नाही.

याचे कारण उघड आहे. जिच्या मांडीवर मूल होते तिला वाचता येत नव्हते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तरी १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात एकही भरत नव्हते. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये झाला आणि पतीने त्यांस अक्षरे शिकविण्यास आरंभ केला. तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांस सोसावा लागला. हे त्यांच्या आठवणींत (१९१०) नमूद आहे.

याउलट पक्षी माता साक्षर असली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले व त्याबद्दल टीका सोसली. १८८७ मध्ये छापलेल्या वृत्तांतानुसार लक्ष्मीबाई दिवसा कामात गुंतलेल्या असल्यामुळे पहाटे झोपेने जड झालेल्या मुलीस उचलून, गोंजारून पाठ देत. हातात ग्रंथ नसे; आईचे मुख हाच ग्रंथ. रमाबाई त्या वेळी आठ वर्षांच्या पुढे होत्या, तान्ह्या नव्हत्या. तरी कुशी व ग्रंथ यांचा संगम घडल्याचा हा लेखी पुरावा बहुमोल आहे.

(५) सर्वांत लहान मुलांच्या शिक्षणाकडे पद्धतशीर लक्ष गेले ते विसाव्या शतकात. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी गोष्ट व गाणे यांस बालशिक्षणात स्थान दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाईंनी बालवाडीचा प्रयोग आरंभिला आणि अनुताई वाघ यांनी तो पुढे कोसबाडास वाढविला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे ७६ झाले. म्हणजे तान्ह्या मुलास वाचून दाखविणे आपल्याकडे सर्वसामान्य घरात शक्य झाले, ते अलीकडील दोन-तीन पिढ्यांत. यास्तव हा प्रघात पुरातन आहे, हे म्हणणे टिकत नाही.

तो परका आहे, हेही टिकत नाही. १९८६ मध्ये डीकॅस्पर व स्पेन्स या अमेरिकन संशोधकांनी गर्भिणी स्त्रियांकडून शेवटच्या काही आठवड्यांत एकच कथाखंड रोज मोठ्याने वाचवून घेतला; जन्मानंतर अर्भकांनी अपरिचित खंडापेक्षा तोच ऐकणे पसंत केले, मग आवाज परस्त्रीचा का असेना. यावरून अष्टावक्राची कथा इतिहास ठरत नाही. मुलास लय ओळखता आली, अर्थ नव्हे. पण ज्या लयीवर ओवी, पाळणा व पोथी उभी आहे, तिचे बळ यावरून सिद्ध होते. अर्थाआधी लय, हे आमच्या निरक्षर आज्यांस ठाऊक होते.

येथे स्वतःचा एक प्रमाद कबूल करणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाची आजी निरक्षर होती. धाकट्या भावंडांस मांडीवर घेऊन ती ज्या ओव्या म्हणे, त्यांत घरातील माणसांची, माहेरच्या नदीची, गेलेल्या मुलांची नावे गुंफलेली असत. त्या दिवसांत मी अमरकोश पाठ करीत होतो आणि तिचे उच्चार मला अशुद्ध वाटत. वह्या जवळ होत्या, दौत-टाक जवळ होते. एकही ओवी लिहून घेतली नाही. आज एक चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. अमरकोश मात्र सर्व ग्रंथालयांत आहे.

साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' संकलित केले. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या जमविल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि प्रत्येक घराची ओवी निराळी असते आणि ती त्या घरच्या वृद्धेबरोबर जाते. इतिहाससंशोधकाने जुन्या दप्तराइतकीच तिची निकड मानावी.

सांप्रत आमच्या घरी चौदा महिन्यांची नात आहे. मी पुस्तक उघडले की ती ते उलटे धरते आणि ठरावीक शब्दाशी माझ्या तोंडाकडे पाहते. तिच्या आईस वाचता येते. तिच्या आईच्या पणजीस ओवी येत होती. या दोन विद्या एकाच घरात एकाच वेळी नांदण्याचा योग फार थोडा काळ येतो. ज्यांच्या घरी तो अजून आहे, त्यांनी मुलास पुस्तक जरूर वाचून दाखवावे. पण आजी म्हणू लागली म्हणजे पुस्तक मिटून तिचे शब्द लिहून घ्यावे, एवढीच वाचकांस विनंती आहे.