तळटीप १७ : हॅमिल्टन डिस्टन
१७. हॅमिल्टन डिस्टन (१८४४–१८९६) : फिलाडेल्फियातील करवतींच्या कारखानदाराचा मुलगा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा भूमिनिधी कर्जात रुतलेला असताना १८८१मध्ये त्याने ४० लाख एकर जमीन एकरी २५ सेंट दराने, म्हणजे १० लाख डॉलरना घेतली. मजकुरातील ‘डिस्टनचे कालवे’ दलदल कोरडी करण्यासाठी खोदलेले होते. त्यांनी किसिमी खोऱ्यातील तळी एकमेकांना जोडली आणि ओकीचोबी सरोवराच्या पाण्याला कलूसाहॅची नदीतून समुद्राकडे वाट दिली. किसिमी व टार्पन स्प्रिंग्ज ही गावे याच उद्योगातून वाढली. सेंट क्लाउडला त्याने उसाचे मळे व साखर कारखाना उभारला. १८९३च्या मंदीत व्यवसाय खचला. तरीही त्याला निव्वळ सट्टेबाज ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्या पैशामुळेच राज्याचे कर्ज फिटले आणि रेल्वेसाठी जमिनी मोकळ्या झाल्या.