बोरीतली ‘ॲक्शन’

जिंतूर तालुक्यातले बोरी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या सप्टेंबरात जे घडले त्याला मराठवाड्यातली जुनी माणसे ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. सरकारी ध्वजवंदनाला त्याचाच ‘मुक्तिसंग्राम दिन’ होतो. हे दोन शब्द एकाच अर्थाचे मानू नयेत, असे माझे ठाम मत आहे. हैदराबादचा प्रश्नच आधी जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांवर अडला होता. दिल्लीला ‘ॲक्सेशन’ हवे होते, म्हणजे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हाती घेणारे सामीलीकरण. निजामाचे शिष्टमंडळ ‘असोसिएशन’वर अडून होते, म्हणजे दोन स्वतंत्र सत्तांमधला करार. शेवटी २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभरासाठी ‘स्टँडस्टिल’ करार झाला. कागदावर सारे जैसे थे राहिले. गावांनी मात्र त्या महिन्यांत निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा उच्छाद सोसला.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूने शिरलेली फौज चिलखती डिव्हिजनची होती, पोलिसांची नव्हे. तरी नाव ‘पोलीस ॲक्शन’, कारण ‘युद्ध’ म्हणताच हैदराबाद वेगळे राष्ट्र ठरले असते, आणि निजाम सरकारने २१ ऑगस्टलाच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. घरातला बंदोबस्त आहे, हा दावा त्या एका शब्दात होता. डच सरकारने १९४७ च्या जुलैत इंडोनेशियातल्या लष्करी मोहिमेला हेच नाव दिले, तेव्हा भारतानेच तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता. मग भारताने तोच शब्द वापरावा का? मला वाटते, फरक शब्दात नाही, दाव्यात आहे. डचांचा दावा तिथल्या लोकांनी नाकारला होता. इथे हैदराबाद स्टेट काँग्रेस स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली वर्षभर आधीपासून भारतात सामील होण्यासाठी लढत होती.

कोणी म्हणेल, निर्णय रणगाड्यांनी केला, शब्दांचा काय संबंध? रणगाड्यांनी सत्ता बदलली, हे खरेच. पण ‘पोलीस ॲक्शन’मध्ये कर्ते सरकार असते आणि ‘मुक्तिसंग्रामा’त लोक, म्हणून एका शब्दाने दुसऱ्याची जागा घेतली की कोणाचे तरी काम पुसले जाते. शिवाय दोन्ही शब्दांना एक गोष्ट पेलत नाही. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे ठरवले. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही, आणि त्यात नोंदलेल्या मृत्यूंना आजही मराठीत रूढ नाव नाही.